चप्पल बांधलेला डबा

निंबर्गा,
५ एप्रिल

नागरत्ना अक्कांना सुधाचे शरणार्थ.

पत्र बघून दचकला असाल. आपल्याकडे पत्र आलं की आधी कोण गेलं ते बघतात. कुणी गेलेलं नाही. माझा मोबाईल तेवढा गेलाय, तोही माझ्याच हातानं. बंद करून पिठाच्या रिकाम्या डब्यात घातला, डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या चन्नम्माकडे दिली. बसवजयंतीपर्यंत मी रडले तरी द्यायची नाही, असं तिच्याकडून गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून वदवून घेतलंय.

वेड लागलेलं नाही. मागच्या महिन्यात बिदरच्या मैलूर भागात माहेरी गेले होते, तेव्हा प्रतीक्षा मॅडमचा वर्ग केला. 'मोकळं घर, मोकळं मन.' त्यांचं म्हणणं, पसारा घरात साठतो तो डोक्यातला वाहून आलेला असतो. तुमच्या भावानं बिदरचं दुकान मोडलं आणि दसऱ्याला आम्ही इथं आलो, तेव्हापासून माझं डोकं या घराच्या माळ्यासारखं झालंय. अव्वा तुमच्याकडे डोळ्याच्या ऑपरेशनला, हे मळणीयंत्र घेऊन रायचूरकडे. हे घर पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात आलंय, अक्का. अप्पा जाऊन वर्ष होत आलं तरी त्यांच्या तुटक्या छत्र्यासुद्धा सासूबाईंनी सांभाळून ठेवल्यात. वर गेल्यावरही पाऊस लागतो की काय, कुणास ठाऊक.

मॅडमच्या युक्त्या मजेच्या आहेत. सगळी भांडी पालथी घालायची. वापरलं ते उताणं ठेवायचं. महिन्यानं जे पालथंच राहील ते द्यायचं. दिलेल्या वस्तूचा गाजावाजा करायचा नाही. धान्य, डाळी, मसाले सगळं एकसारख्या काचेच्या बरण्यांत भरायचं, म्हणजे नजर अडखळत नाही. आणि मनातली अडगळ, म्हणजे कुणाबद्दलचा राग असेल तो, सकाळी उंबऱ्याबाहेर रांगोळीनं लिहायचा. दिवसभर येणारे-जाणारे तो तुडवतात. संध्याकाळी झाडून टाकायचा. पहिल्या दिवशी मी अव्वांचं नाव लिहिलं. रागावू नका, संध्याकाळपर्यंत खरंच काही उरलं नव्हतं.

खुंट्याखुंट्यांना बांधलेले काळे दोरे, चिंध्या, बिब्बे सगळं काढून टाकतेय. बसवण्णांचं नाव घेणाऱ्या घरात हे कशाला? अव्वांना मात्र यातलं काही सांगू नका. आल्यावर एकदम बघू देत.

तुमची सुधा


बसवकल्याण,
९ एप्रिल

चि. सुधा,

तुझं पत्र देताना पोस्टमन हलेचना. "अक्का, घरात समदे बरे हायती न्हवं?" मी म्हटलं, "समदे बरे हायती, भावजय तेवढी साफसफाई करायलीय." तो म्हणाला, "मग ठीक हाय," आणि तरी वळून वळून बघत गेला.

मीही तुझ्या मॅडमचं ऐकून स्वयंपाकघरातली भांडी पालथी घातली. आमच्या ह्यांनी रात्री पाणी प्यायला तांब्या उचलला, तो पालथा, शेजारचा पालथा, घागर पालथी. उपड्या घागरीकडं बघत म्हणाले, "कोण गेलं?" पुढचा प्रयोग मी रद्द केला. वर्षभर उपयोगात न आलेली वस्तू बाहेर काढायची म्हटली, तर पहिला नंबर कापडदुकानाच्या या मालकांचाच लागेल, आणि त्यांना कोण घेणार?

पण सुधा, आपल्या बायकांच्या घरातला पसारा का हटत नाही ते तुझ्या मॅडमला ठाऊक नाही. आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारीण डब्यातनं लोणचं देते. तो डबा घासून मी शेंगाचटणी भरून पाठवते. मग तिला राहवत नाही, ती त्यात करडईची भाजी भरते. आमच्या गल्लीत एक पितळी डबा माझ्या लग्नापासून असा फिरतोय. तो मूळचा कुणाचा हे आता कुणालाच सांगता येणार नाही. काढ बघू हा पसारा.

अव्वाच्या डोळ्यात ऑपरेशननंतर पू झाला होता, म्हणून डॉक्टरांनी पट्टी ठेवलीय. दुसऱ्या डोळ्यानं तिला उजेड तेवढा कळतो. पडल्या पडल्या ती निंबर्ग्याच्या घरात फिरते. हे हाय का, ते हाय का. मी म्हणते, हाय. काल म्हणाली, "तू बसवकल्याणात बसून हाय कामून म्हणायलीस?" मी म्हटलं, "सुधाचा फोन आला व्हता." थापच ती. ती काय काय विचारते ते तुला कळवत नाही. कळवलं तर तुझा हात अडायचा. तू काढ बिनधास्त. घर मोकळं झालं की तिचं मनही होईल, आणि रात्रंदिवस ऐकणारे माझे कानही.

नागरत्ना


निंबर्गा,
१५ एप्रिल

अक्का, शरणार्थ.

माळा झाला! सगळ्यात कोपऱ्यात, अप्पांच्या छत्र्यांमागं, एक गंजका डबा सापडला. त्याच्या गळ्याला काळ्या चिंधीनं एक फाटकी चप्पल करकचून बांधलेली. चन्नम्मा शिडी धरून उभी होती. डबा दिसताच तिनं शिडीच सोडली. "नको यव्वा, ही भानामती हाय. कुणीतरी करून ठिवलंय. हात लावू नको!" मी वर लोंबकळतेय आणि ही खाली थुंकतेय.

अक्का, खरं सांगते, क्षणभर माझाही हात थबकला. पण मग स्वतःचाच राग आला. चिंधी कापली, चप्पल उकिरड्यावर फेकली, झाकण उघडलं. आत काय निघावं? तूर! आपल्यात किडू नये म्हणून लाल माती, काव लावून ठेवतात ना, तशी. अव्वांनी काव जरा जास्तच चढवलीय, माझे हात मनगटापर्यंत लाल झाले. उग्र वासही येत होता, पण एवढे दिवस बंद डब्यात म्हटल्यावर येणारच. दोन उन्हं दिली, वास पुष्कळ गेला. धुवायच्या भानगडीत पडले नाही, शिजवताना धुता येईल.

तीन बरण्या भरल्या. लाल तूर, वर लाल रिबीन, इतकी देखणी दिसते. एक माझ्यासाठी. एक तुम्हाला पाठवतेय, अव्वांची पट्टी निघाली की त्यांच्याच तुरीचं वरण करून वाढा. आणि तिसरी पद्माबाईला दिली. इरप्पा धनगराची बायको. परवापर्यंत त्यांच्या मेंढ्या आपल्या रानात बसवल्या होत्या. लेंडीखत मिळतं त्याच्या बदल्यात धान्य द्यायचं असतं ना, ते ज्वारीचं तर दिलंच, वर ही बरणी. कडेवर लेकरू, डोक्यावर बिऱ्हाड, तरी बरणी तिनं पदरात गुंडाळून घेतली. "बरणी परत आणून देते, अक्का." मी म्हटलं, "राहू दे गं." तर म्हणाली, "असं कसं? तुमचं भांडं हाय." कळप उमरग्याच्या बाजूनं निघालाय. पेरणीच्या आत परत याच वाटेनं यायचे.

मला फार बरं वाटलं. नुसतं टाकून देण्यात आणि कुणाच्या तरी पोटात जाण्यात फरक आहे.

सुधा


बसवकल्याण,
२० एप्रिल

चि. सुधा,

बरणी पोचली. मेव्हण्यांचा मुलगा अनिलकुमार घेऊन आला. एसटीत मांडीवर घेऊन बसला होता, बायका त्याला विचारत होत्या, कुंकू कुठल्या देवीचं? खरंच, रंग भारी आहे. आपल्या लहानपणी काव लावलेली तूर विटेसारखी दिसायची, ही नव्या नवरीच्या शालूसारखी दिसते. हल्ली मातीलाही रंग लावून विकत असतील.

आता एक गंमत ऐक. त्या चपलेच्या डब्याचं अव्वा पहिल्या दिवसापासून विचारतेय. बाकीच्या गोष्टी एकदा विचारून सोडते. याचं सकाळ-संध्याकाळ.

"माळ्यावर चप्पल बांधल्याला डबा हाय न्हवं जाग्यावर?"

"हाय."

"कुनी काढला तर न्हाई?"

"कोण काढतंय? काय हाय त्यात एवढं?"

"तुला काय करायचंय. हाय म्हनालीस न्हवं? मग झालं."

मला वाटलं, म्हातारीनं सोनं पुरलंय. तुरीत हात घालून तळ चाचपलास ना? नसशील तर तुझी बरणी उपसून बघ. माझी मी रात्रीच उपसली. बोटं लाल झाली, हाती काही लागलं नाही.

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. शनिवारी पट्टी निघेल, बुधवारी बसवजयंती. त्या दिवशी ताटात हेच वरण वाढणार आणि मग सांगणार, की बाई गं, तुझी भानामती तू जेवलीस. तिचं तोंड बघायला तू हवी होतीस.

तुझी प्रकृती सांभाळ. एकटी आहेस म्हणून लोणचं-भाकरीवर भागवू नकोस.

नागरत्ना


निंबर्गा,
२४ एप्रिल

अक्का,

लोणचं-भाकरीवर नाही भागवत. या आठवड्याचा नियम आहे, बाजारातून काही आणायचं नाही, घरात आहे ते संपवायचं. सोमवारपासून तुरीची आमटी करतेय. अख्खी तूर, वर लसणाची फोडणी. पहिल्या दिवशी बरी लागली.

डब्यात सोनंबिनं काही नव्हतं. अव्वांना सांगा, नुसती तूर होती.

अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या. डोळ्यापुढं ओळी बारीक बारीक होतात, दुपारीसुद्धा दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. घाम फार येतोय, तोंडाला पाणी सुटतंय, पोटात मुरडा. मॅडमनी सांगितलंच होतं, मोकळं व्हायला लागलं की शरीर आतलं सगळं बाहेर टाकतं. पहिले काही दिवस त्रास होतो, मग फार हलकं वाटतं. तसंच असणार. मला खरंच हलकं वाटायलंय, पाय जमिनीला लागत नाहीत असं.

चन्नम्माच्या दोन कोंबड्या मेल्या. तूर धुतलेलं पाणी मी परसात टाकत होते, तिथंच चरायच्या. ती अंगणात येऊन ओरडून गेली, "डब्यातली बाहेर आलीय! आधी कोंबड्या, मग मानूस!" उतारा करायला कुणाला तरी बोलावते म्हणाली. मी हाकलून दिलं. म्हटलं, या घरात पुन्हा काळा दोरा येणार नाही.

उन्हाळ्यात कोंबड्या मरतातच.

उद्या उंबऱ्यावर कुणाचं नाव लिहावं तेच सुचत नाही. राग कुणाचाच उरला नाही. एक तुमचा थोडा आहे, अव्वांना सगळं अजून सांगितलं नाहीत म्हणून. मीच नको म्हटलं होतं ना?

सुधा


कलबुर्गी, दवाखाना,
२९ एप्रिल

सुधा,

तुझं चोवीस तारखेचं पत्र आज मिळालं. आमच्या ह्यांनी भाकरीच्या पिशवीत घालून पाठवलं. तू समोर पलंगावर आहेस, नाकात नळी, हात पलंगाला बांधलेले, कारण तू नळी ओढतेस. आणि मी उशाशी बसून वाचतेय की तुला फार हलकं वाटायलंय.

डॉक्टर म्हणतात, जीव वाचला. पूर्ण शुद्धीवर आली की हळूहळू सांगा. मला हळू बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून लिहून ठेवते.

शनिवारी अव्वाची पट्टी निघाली. घरी आल्या आल्या आमच्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि एकेक वस्तू बघून हसत होती. मग फळीवर नजर गेली.

"हे कुठलं?"

"सुनेनं पाठवलंय. तुझीच तूर."

मी ती बरणी तिच्या हातात द्यायला गेले. तिनं हात मागं घेतले.

"डब्याला चप्पल व्हती का?"

मी बरणी परत फळीवर ठेवली.

"रोज विचारलं तुला. रोज हाय म्हनालीस."

ती तूर खायची नव्हे, सुधा. पेरायचं बी आहे, औषध लावलेलं. गेल्या पेरणीला अप्पांनी स्वतःच्या हातानं लावलेलं, त्यातलं उरलेलं. पुढच्या महिन्यात अप्पा गेले. "त्येंच्या हातचं बी व्हतं, टाकवलं न्हाई," म्हणाली. ती लाली मातीची नाही, औषधाची. अव्वाला वाचता येत नाही, म्हणून घरातल्या प्रत्येक विषाला, मग ते फवारायचं असो की उंदराचं, ती फाटकी चप्पल बांधते. ज्याला चप्पल, ते तोंडात नाही. माझ्या लग्नानंतर कधीतरी एक वासरू मेलं तेव्हापासूनची तिची रीत. मी सासरी गेलेली म्हणून मला काही माहीत नव्हतं आणि तू घरात नवी म्हणून तुला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या भावाला, प्रभूला माहीत होतं. तो रायचूरला.

तुझा फोन लावला. बंद. लावतच राहिले, जसा काही तो पिठाच्या डब्यात आपोआप सुरू होणार होता. मग प्रभूला लावला, त्यानं गिरणीवाल्या गुरुशांतप्पाला, तो धावत घरी गेला. तू उंबऱ्यावर आडवी पडली होतीस, मुठीत रांगोळी. चन्नम्मा बाजूला लिंबू कापत बसली होती. तुला जीपमध्ये घालतानाही ती किल्ली कमरेला घट्ट धरून म्हणत होती, "जयंती झाली न्हाई अजून, मी लिंगावर हात ठिवलाय." हसायला येतंय बघ. आता येतंय.

उंबऱ्यावर माझं नाव लिहिलेलं होतं म्हणे. पुढचं जीपच्या चाकाखाली गेलं.

अव्वा घरी बसत नाही. ती माझ्याशी बोलत नाही. व्हरांड्यात बसते, बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातातली पिशवी बघते.

तुझी बरणी आणि माझी बरणी प्रभूनं खड्डा खणून पुरल्या. तिसरीसाठी तो मोटारसायकलवर फिरतोय. आळंद, उमरगा, मुरूम, जिथं मेंढ्यांची लेंडी दिसेल तिथं थांबून विचारतो. धनगर फोन बाळगतात सगळे, पण इरप्पाचा नंबर होता तो तुझ्याच फोनमध्ये. कुलूप तोडून बघितला. लागत नाही. तिकडं लाईट नसते, चार्ज करायला गावात यावं लागतं.

लवकर शुद्धीवर ये. मला शिव्या दे. रांगोळीनं नको, तोंडानं दे.

नागरत्ना


निंबर्गा,
११ जून

अक्का, शरणार्थ.

मी आता बरी आहे. हात अजून थरथरतो, म्हणून चार ओळींना दोन दिवस लागले. फोनवर सांगता आलं असतं. फोन हातात घेतला होता, पण तुम्ही 'काय झालं?' म्हणाला असता आणि मला बोलता आलं नसतं.

अव्वा पेरणीच्या तयारीला लागल्यात. बियाला औषध लावताना आम्ही दोघी बसलो. त्यांनी माझ्याच जुन्या चपला मागून घेतल्या. मी काचेच्या सगळ्या बरण्या मोडीत घातल्या आणि जुने डबे पुन्हा आणले, एकाशी एक न जुळणारे. नजर अडखळते. अडखळू दे.

तुमच्या भावानं शोध सोडला नव्हता. एका गावात कळलं, कळप लोहाऱ्याकडं गेला. दुसऱ्या गावात कळलं, परत फिरला. म्हणाले, आता पेरणी आली की इकडंच येतील, तेव्हा विचारू. आम्ही रोज वाट बघत होतो, आणि येऊ नयेत असंही वाटत होतं.

परवा सकाळी मी परसात होते. चन्नम्मानं हाक मारली. तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"तो इरप्पा पहाटं आला व्हता, मेंढ्यावाला. तुला उठवू नको म्हनाला. उंबऱ्यावर ठिवून गेला."

उंबऱ्यावर बरणी होती. माझी बरणी, अक्का. घासून लख्ख केलेली, वर तीच लाल रिबीन, गाठ मात्र दुसऱ्या हाताची. आत काठोकाठ तूप. मेंढीच्या दुधाचं, पांढरंशुभ्र.

"एकटाच व्हता?"

"लेकरू व्हतं खांद्यावर."

"पद्माबाई?"

चन्नम्मा खाली बघत म्हणाली, "डोकं भादरलेलं व्हतं त्याचं."

"काय म्हणाला?"

"म्हनाला, मी मेंढ्यामागं रानात, तूर ती एकटीच खायची. अक्काची तूर लई गोड हाय म्हनत व्हती. बरणी रिकामी देऊ नको म्हनत व्हती."

अव्वा आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्या, बरणी उचलली नाही, नुसत्या बघत राहिल्या. मग पायातली चप्पल काढली आणि माझ्यापुढं धरली. मी ती बरणीला बांधली. गाठ बसेना. त्यांनी वरून हात धरला.

इरप्पा मेंढ्या बसवायला या आठवड्यात आपल्याच रानात येणार आहे. तुमचे भाऊ म्हणतात, सांगू नये. अव्वा म्हणतात, "तू बोल. बरणी तू दिलीस." ती बरणी अजून उंबऱ्यावरच आहे. ओलांडल्याशिवाय घरातून बाहेर पडता येत नाही.

सुधा